शेडमावशीचं खारं पाणी

गल्लीत तिला सगळे शेडमावशी म्हणायचे. रंगाच्या दुकानात ती कामाला लागली ऐन तारुण्यात आणि बाहेर पडली केस पिकल्यावर, तेही भांडून. मधल्या काळात त्या काउंटरवर लोकांनी काय काय आणून ठेवलं असेल! भिंतीचा पोपडा, सोफ्याच्या कापडाची चिंधी, आणि एका बाईने तर पोपटाचं गळून पडलेलं पीस आणलं होतं. खिडकीची जाळी तिला नेमकी त्याच हिरव्या रंगात हवी होती. मावशी वस्तू हातात घ्यायची, दुकानाच्या दारात उजेडाला जायची, डावा डोळा मिटून उजव्याने बघायची आणि परत येऊन पांढऱ्या रंगाच्या डब्यात स्टेनर, म्हणजे छटा आणणारा गडद रंग, पिळायला लागायची. शेडकार्ड तिने कधी उघडलं नाही. "उजवा डोळा कामाचा, डावा घरचा," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि गिऱ्हाइकं ते कौतुकाने घरी जाऊन सांगायची.

मग मालकाने रंग मिसळायचं मशीन आणलं. मशीनने पहिलाच डबा बदामी रंगाचा काढला. मावशीने त्यात बोट बुडवलं, मालकाच्या टेबलाच्या काचेवर पुसलं आणि भरल्या दुकानात जाहीर केलं, "हा बदामी नव्हे. बदामाला कावीळ झाली आहे." मालक म्हणाला, कार्डाला तर जुळतोय. मावशी म्हणाली, मग कार्डालाही झाली असेल. त्या आठवड्यातच तिने एप्रन काढून खुंटीला अडकवला. निरोपाचा समारंभ वगैरे काही झाला नाही, कारण समारंभाला ती आली असती तर मशीनवरून पुन्हा जुंपली असती.

घरी तिची वाट बघत होता एक समुद्र. तो तिचा नव्हता, नवऱ्याचा होता. नवरा जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये. सगळ्या समुद्रांवरून फिरला आणि बघितलं काय, तर पाइप आणि प्रेशरचे काटे. निवृत्त झाल्यावर त्याने हॉलमध्ये काचेचा मोठा टँक बसवला, खारं पाणी भरलं, त्यात दगड, शेवाळं, गोगलगायी आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची एक जोडी सोडली, आणि खुर्ची समोर ओढून बसला. "आता बघतो," म्हणाला. काही वर्षं त्याने बघितलं, आणि मग टँक मावशीच्या गळ्यात घालून तो गेला.

मावशीला माशांचं फार काही नव्हतं. पण दुसऱ्याने मिसळलेला रंग आपल्या हातून बिघडला असं तिला कुणी म्हटलेलं चाललं नसतं, तसंच हेही. ती शिकली. मीठ किती, पाणी किती ऊबदार, काच कशी पुसायची, सगळं. आणि एवढं सगळं शिकून तिने एक घोळ घातलाच. दुकानात एक निळाभोर मासा दिसला, तो तिला आवडला, आणि पिशवीतून आणून तिने थेट मोठ्या टँकमध्ये सोडला. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके होते, मिठाच्या कणांएवढे. ती साथ होती. नवरा गेल्यावर जे जे जगलं होतं ते सगळं ठिपक्यांनी खाल्लं. गोगलगायी तेवढ्या राहिल्या.

तिने हे मुलाला कितीतरी दिवस सांगितलं नाही. फोनवर विचारलं की "मजेत आहेत सगळे," म्हणायची. मुलगा आणि सून तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. एका रविवारी येऊन बघतात तर टँक रिकामा. तशीच ती एकदा न्हाणीघरात पडली होती, मनगट सुजून टम्म झालं होतं, आणि पूर्ण बाह्यांचा झगा घालून तिने ताकास तूर लागू दिला नव्हता. त्यामुळे मुलाची बदली लांबच्या शहरात झाली, आणि सुनेलाही तिथे काम मिळालं, तेव्हा त्याने एकच धोशा लावला.

"आई, तू आमच्याबरोबर येतेस."

"मी कशाला येऊ? माझं काय अडलंय?"

"अडलं तरी तू सांगणार आहेस का? फोनवर तू मरायला टेकलीस तरी 'मजेत' म्हणशील."

"मरायला टेकले तर 'टेकले' म्हणेन. तेवढी अक्कल आहे मला."

"तुला मासे सांभाळता आले नाहीत."

हे बोलायला नको होतं. मुलाच्याही ते बोलून झाल्यावर लक्षात आलं. मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला, पण ओरडली मात्र नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण न ओरडता ती जे बोलते ते मागे घेत नाही.

"ठीक आहे," ती म्हणाली. "नवा मासा आणते. ह्या वेळी रीतसर. आधी क्वारंटाइनचा वेगळा टँक, त्याचं पाणी तयार करते, मग मासा त्यात, आणि धडधाकट निघाला तर ह्यांच्या टँकमध्ये. मला एकटीला पाणी तयार करता आलं तर मी इथे राहणार. नाही आलं, तर तुझ्या सामानाच्या ट्रकमध्ये मलाही टाक."

मुलाने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, "चालेल, आई."

आता ही सूनही साधीसुधी नव्हे. ती दातांच्या लॅबमध्ये कॅपा बनवायची. शेजारच्या दाताला जुळेल अशी कॅप बनवायची म्हणजे पांढऱ्यातले सोळा पांढरे ओळखायला लागतात. एका घरात दोन शेडवाल्या; भांड्याला भांडं लागायचंच. सुनेने एकदा पडद्याला "क्रीम" म्हटलं तर मावशीने "हस्तिदंती" म्हणून दुरुस्त केलं होतं, आणि त्यावर दोघी जेवायला बसेपर्यंत बोलल्या नव्हत्या.

क्वारंटाइनचा टँक मावशीने मागच्या खोलीत शिलाई मशीनच्या टेबलावर मांडला. तळाला वाळू नाही, दगड नाही; औषध द्यायची वेळ आली तर ते शोषून घेणारं काही नको. एक हीटर, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, आणि माशाला लपायला नळाच्या पाइपचा एक वाकडा तुकडा. मोठ्या टँकमधला जुना स्पंज इकडे लावला असता तर काम निम्म्या वेळात झालं असतं, पण त्या पाण्यावर तिचा आता विश्वास नव्हता. सगळं कोरं घेतलं.

कोरं पाणी दिसायला स्वच्छ असतं आणि तीच त्याची खोड. मासा त्यात खातो, घाण करतो, त्या घाणीचा अमोनिया होतो, आणि तो अमोनिया माशाचेच कल्ले जाळतो. म्हणून मासा यायच्या आधी स्पंजात जंतूंची वस्ती व्हावी लागते. एका जातीचे जंतू अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. मग दुसऱ्या जातीचे येतात, उशिरा आणि आळसावत, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट फार साठेपर्यंत मासा सहन करतो. ते पाणी बदलून काढून टाकायचं. ह्याला टँक सायकल करणं म्हणतात. मासा नसताना जंतूंनी जेवायचं काय, तर आपण बाटलीतून अमोनियाचे थेंब घालायचे. घातलेला अमोनिया आणि त्याचं होणारं नायट्राइट, दोन्ही एका दिवसात शून्यावर आली की पाणी तयार.

हे सगळं तिला समजावलं बुडबुड्याने. बुडबुडे हे त्या दुकानदाराचं आडनाव नव्हे. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात दिवसभर पंपांचा आवाज असतो म्हणून त्याला लोक तसं म्हणत, आणि तोही ओ देत असे. त्याने टेस्ट किट दिलं. नळीत रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, बाटल्यांमधले थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि पांढऱ्या कार्डावर धरून रंग बघायचा. अमोनिया नसेल तर पिवळा, असेल तर हिरवा. नायट्राइट नसेल तर आकाशी, असेल तर जांभळा. नायट्रेट पिवळ्यापासून थेट लालपर्यंत.

"म्हणजे रंगच ओळखायचा ना?" मावशी म्हणाली. "मग हे तू मला शिकवतोस?"

बुडबुड्याने कानाला हात लावले.

सुरुवात झोकात झाली. आधी अमोनिया हिरवागार. मग तो उतरायला लागला आणि एका सकाळी नायट्राइटची नळी जांभळी झाली. मावशीने बुडबुड्याला फोन करून "जांभळं! जांभळं झालं!" असं एवढ्या मोठ्याने सांगितलं की वरच्या मजल्यावरची बाई काय सांडलं म्हणून विचारायला खाली आली. नायट्रेटची दुसरी बाटली जोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेलं औषध बाहेर येत नाही आणि रीडिंग खोटं लागतं. मावशी ती बाटली टेबलावर अशी आपटायची की मुलाच्या नावाने आपटते आहे हे बघणाऱ्याला सहज कळावं. पुढे जांभळं ओसरलं, नायट्राइट आकाशी झालं, नायट्रेट लाल झालं. मावशीने अमोनियाची नळी उजव्या डोळ्यासमोर धरली, डावा मिटला आणि म्हणाली, "पिवळं. तयार आहे."

सून मागे उभी होती. "आई, हिरवट आहे."

"पिवळं आहे."

"हिरवट आहे, आई. अगदी थोडं. पण आहे."

"तू दिवसभर दात बघतेस, म्हणून तुला असं दिसतं. जरा डोळ्यांना विसावा दे."

सुनेने डोळ्यांना विसावा दिला. लॅबमध्ये त्यांना शिकवलेलंच असतं की रंगाकडे टक लावून बघायचं नाही, डोळा थकतो. करड्या कागदावर नजर टाकायची आणि मग एकदा पटकन बघायचं. तिने करड्या फरशीकडे पाहिलं, मग नळीकडे पाहिलं. "हिरवट," ती म्हणाली.

झालं! पुढे हेच रोज. संध्याकाळी मावशी नळी धरणार, "पिवळं" म्हणणार, जंतूंना भूक लागली असेल म्हणून पुन्हा अमोनियाचे थेंब घालणार. दुसऱ्या दिवशी सून येणार आणि "कालच्यापेक्षा जरा जास्तच आहे," म्हणणार. मुलगा दोघींच्या मध्ये मूग गिळून बसायचा. त्याला स्वतःला त्या नळीत पिवळं दिसत होतं की हिरवं हे त्याने कुणालाच सांगितलं नाही, आणि त्याचं लग्न टिकून आहे ते अशाच गुणांमुळे.

ट्रक ठरला. खोकी आली. मावशी काही मागे हटेना. बुडबुड्याच्या दुकानात तिने नारिंगी पट्ट्यांची एक जोडी निवडून ठेवली होती आणि त्यांच्या काचेवर "दिलेले आहेत" अशी चिठ्ठी स्वतःच्या हाताने चिकटवली होती. शेवटी बुडबुड्याच्या तोंडून एक वाक्य निघालं आणि तिने ते हवेतच झेललं. तो म्हणाला, "मावशी, खाऱ्या पाण्यात हे किट कधी कधी उगाचच हिरवट दाखवतं. अमोनिया नसला तरी."

"बघ!" मावशी सुनेला म्हणाली. "मला पिवळं दिसतंय ते सोड. तुला हिरवं दिसतंय, तर ते तुझ्या डोळ्यांतलं नाही, बाटलीतलं असेल. रविवारी सोक्षमोक्ष लावू. सगळे या."

तिची पद्धत एक घाव दोन तुकडे अशी होती. दुकानात ती कार्डाशी रंग कधी जुळवायची नाही. ओल्या रंगाशेजारी ओला रंग ठेवायची. इथेही तेच. त्याच पोत्यातलं मीठ घालून बादलीत नवं खारं पाणी बनवायचं. त्यात ना मासा, ना घाण, ना थेंब. अमोनिया असण्याचा प्रश्नच नाही. एका नळीत ते पाणी, दुसऱ्या नळीत टँकचं. दोन्हींत सारखे थेंब. दोन्ही सारख्या दिसल्या तर हिरवट म्हणा, पिवळं म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा, टँकमध्ये अमोनिया नाही. वेगळ्या दिसल्या तर आहे.

रविवारी दुपारी चौघं मागच्या गॅलरीत जमले. ऊन कलतं होतं, उजेड स्वच्छ होता. मावशीने टँकच्या नळीला तळाशी रबर गुंडाळलं आणि सुनेला म्हणाली, "पाठीमागे घेऊन अदलाबदल कर आणि मला अशा दे की रबर मुठीत झाकलेलं राहील. मला कळता कामा नये. सारख्या असतील तर मला ओळखता येणारच नाही."

सुनेने तसंच केलं. मावशीने दोन मुठींत दोन नळ्या धरल्या, पांढऱ्या कार्डापुढे आणल्या, डावा डोळा मिटला. बराच वेळ पाहिलं.

"सारख्या," ती म्हणाली. "दोन्ही पिवळ्या. अगदी जुळ्या बहिणी."

बुडबुडे वाकून बघत होता. "आता मला विचाराल तर," तो म्हणाला, "इकडच्या नळीत किंचित... पण किटचं असतंच तसं. मी भांडणार नाही. सारख्या म्हणा."

मुलाने घड्याळाकडे पाहिलं. त्याला खोकी भरायची होती. त्याच्या चेहऱ्यावर हरल्याचं दुःख नव्हतं. उलट कुणीतरी खांद्यावरचं ओझं काढून घेतल्यासारखा तो दिसत होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "सारख्या. जिंकलीस, आई."

"सून काय म्हणते?" मावशीने विचारलं.

सून म्हणाली, "मी काही म्हणत नाही. फक्त एकदा दुसऱ्या डोळ्याने बघा."

"दुसरा डोळा घरचा आहे."

"घरच्याच कामासाठी चाललंय हे सगळं."

बुडबुडे हसला. मावशीला ते हसणं झोंबलं. सुनेची ही शेवटची पळवाटही चारचौघांत बंद करून टाकू, अशा ठसक्यात तिने उजवा डोळा मिटला आणि डावा उघडला.

डाव्या हातातली नळी पिवळी होती. उजव्या हातातली हिरवी होती.

किंचित नव्हे, हिरवट नव्हे. नव्या पालवीसारखी हिरवी, चक्क दिसणारी. तिने डोळा बदलला, दोन्ही पिवळ्या. पुन्हा बदलला, एक पिवळी, एक हिरवी. तिने उजवी मूठ हळूच सैल केली. नळीच्या तळाशी रबर होतं.

तिला काय दिसलं ते कुणाला कळलं नव्हतं. मुलगा "जिंकलीस" म्हणून मोकळा झाला होता. बुडबुडे भांडणार नव्हता. सून काही म्हणत नव्हती. मावशीने नुसतं "सारख्याच" म्हटलं असतं की घर तिचं, टँक तिचा, खुर्ची तिची. नंतर गुपचूप पाणी सुधारून घेता आलं असतं आणि कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. आणि ही बाई तर सुजलेलं मनगट बाहीत लपवून आठवडाभर भाकऱ्या थापणारी. तिला ते जड नव्हतं.

पण इथे प्रश्न रंगाचा होता. वेगळ्या दोन रंगांना सारखं म्हणायचं? तिच्या तोंडून? तिला एकदम प्रचंड राग आला. डोळ्याचा आला, किटचा आला, सुनेचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आपण आत्ता एक क्षण का होईना गप्प राहिलो ह्याचा.

"वेगळ्या आहेत," ती म्हणाली.

"काय?" मुलगा म्हणाला.

"बहिरा आहेस का? वेगळ्या आहेत. टँकमध्ये अमोनिया आहे. सून बरोबर बोलत होती. माझा उजवा डोळा गेलाय. नुसता गेला नाही, खोटं सांगत बसलाय इतके दिवस. मासे आणायचे नाहीत."

बुडबुड्याने लगेच टँकबद्दल बोलायला सुरुवात केली. शून्य समजून रोज थेंब घातलेत, तो म्हणाला, आणि पाणी एकदाही बदललं नाहीत. जंतू काम करतात तेव्हा पाण्यातला क्षार, म्हणजे मीठ नव्हे, आम्ल मारणारा अंश, खर्च होतो. तो संपत आला की ते हात बांधून बसतात आणि अमोनिया साठत जातो. पाणी मरत नाही, मावशी. निम्म्याहून जास्त बदला, थेंब बंद करा, थांबा. पुन्हा लागतील कामाला.

"ऐकलंय," मावशी म्हणाली. "जा आता तू. आणि त्या जोडीची चिठ्ठी काढायची नाही."

बुडबुडे गेला. मुलगा स्टुलावर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, मोतीबिंदू असेल. आम्हाला थोडा अंदाज होता."

"अंदाज होता? कधीपासून?"

मुलाने सुनेकडे पाहिलं आणि सुनेने भिंतीकडे. सुनेचं ते बघणं मावशीच्या नजरेतून सुटलं नाही. ती उठली, आतल्या खोलीत गेली, उजव्या डोळ्यावर हात दाबून धरला आणि घरच्या डोळ्याने आपलं घर पाहिलं.

भिंती निळ्या होत्या. फिक्या, पण निळ्याच; दोन्ही डोळे उघडे असले तरी रंगाच्या बाबतीत ती जन्मभर उजव्याचंच ऐकत आली होती. दुकान सोडल्यावर तिने घराला स्वतः रंग मिसळला होता, मशीनला वाकुल्या दाखवायला म्हणून. दुधी पांढरा, आठवणीतून, ना कार्ड ना नमुना. मिसळताना तो तिला सारखा पिवळट वाटत होता, म्हणून ती निळा स्टेनर पिळत राहिली होती, थेंब थेंब, मनासारखा पांढरा होईपर्यंत. म्हणजे मालकाचा तो बदामी रंग कदाचित बरोबरच होता. हे मनात आलं तेव्हा ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"इतकी वर्षं मी निळ्या घरात राहतेय," ती म्हणाली. "येणाराजाणारा प्रत्येक जण बघत होता. आणि एकाने सांगितलं नाही."

"तू ऐकलं असतंस का?" मुलगा दारात येऊन म्हणाला.

"नसतं ऐकलं! भांडले असते, तुला हाकलून दिलं असतं. पण सांगायचं तरी होतंस ना! तू मला म्हणतोस, आई फोनवर खरं सांगत नाही, म्हणून तिला एकटी ठेवता येत नाही. मान्य. नाही सांगत मी. पण आज मी जिंकलेलं घर हातातून सोडून तिघांसमोर म्हटलं की माझा डोळा गेलाय. ज्या डोळ्यावर मी जन्मभर पोट भरलं, तो. आणि तू? तुला आईला भिंतीचा रंग सांगायची हिंमत झाली नाही. मग आता बोल, कुणाला एकटं ठेवू नये? मला की तुला?"

सुनेचे डोळे भरून आले होते, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसूही होतं. ती म्हणाली, "आई, मला सांगायचं होतं. पडद्याच्या वेळी एवढं झालं, म्हणून भिंतींचं धाडस झालं नाही."

"पडदा हस्तिदंतीच आहे," मावशी म्हणाली. मग डावा डोळा पडद्याकडे वळवून जरा थांबली. "बघू. डोळ्याचं झालं की पुन्हा बघू."

"म्हणजे ऑपरेशन करून घेशील?" मुलाने विचारलं.

"घेईन. इथे. माझ्या गावात, माझ्या पायांनी जाऊन. पैज मी हरले, हे खरं. पाणी तयार झालं नाही. पण मी येणार नाही. ट्रकमध्ये जागा ठेवली असशील तर तिथे दुसरं काही भर."

मुलाने त्या निळ्या भिंतीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "तू 'सारख्या' म्हणाली असतीस ना, तर मी तुला इथे ठेवून गेलो असतो आणि तिकडे रोज रात्री जागा राहिलो असतो." "आता झोप लागेल. राहा तू."

मावशीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. एका दिवसात एवढं सगळं खरं बोलून झाल्यावर आता रडण्याचं काय लपवायचं, असा तिने हिशेब केला असावा.

ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा पहिली शिवी तिने दवाखान्याच्या भिंतींना घातली आणि दुसरी तिथल्या पडद्यांना. घर पुन्हा रंगवून देऊ का, असं सुनेने विचारलं तर म्हणाली, मुळीच नाही, निळं तर निळं, हातचं आहे. मुलगा आणि सून तिच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालण्यापुरते थांबले आणि मग गेले. दारात उभं राहून तिने ट्रकला रस्ता दाखवला, डावीकडे घे, अजून घे, माझी कुंडी फोडू नकोस.

टँकचं पाणी तिने निम्म्याहून जास्त बदललं, थेंब बंद केले आणि थांबली. थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं; त्यामुळे ती टँकसमोर उभी राहून जंतूंना बोलायची. नळी आता रोज सकाळी गॅलरीतल्या उजेडात, आधी एका डोळ्याने आणि मग दुसऱ्याने बघायची. दुसऱ्या डोळ्याचीही तारीख मिळाली होती, कारण नव्या उजव्यापुढे आता घरचा डोळाच मळका वाटायला लागला होता.

आठवड्याने मुलाचा फोन आला.

"कशी आहेस?"

"गुडघा दुखतोय. काल जिन्यात बसावं लागलं मध्येच. पाणी अजून हिरवं आहे, कालच्यापेक्षा कमी, पण हिरवंच. आणि तू येऊ नकोस."

"नाही येत," मुलगा हसून म्हणाला.

"आता तुझं सांग."

"माझं काय, मजेत. ऑफिस छान आहे, घर मोठं आहे..."

"मी काय विचारलं?"

पंपाचा आवाज तेवढा चालू होता. मावशीने घाई केली नाही.

"आई," शेवटी मुलगा म्हणाला, "मला इथे अजिबात करमत नाही गं."

मावशीने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, नवऱ्याची खुर्ची ओढून घेतली आणि बसली.

"हं," ती म्हणाली. "सांग."